एकनाथकाकांची नोंद

३ मार्च २०२५, सोमवार

नवी वही, नवी खोली, नवी नोकरी, आणि तिन्ही एकाच दिवशी! आई म्हणते एवढं नवं एकदम अंगावर घेऊ नये, पण मला आज चालतानासुद्धा उड्या माराव्याशा वाटत होत्या.

खोली विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात. तिसरा मजला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि दोन टाक्यांच्या फटीतून जीवदानीचा डोंगर. घरमालकीण तावडेकाकू तळमजल्यावर राहतात. सामान चढवताना त्यांनी न मागता चहा आणून दिला. मी कणकवलीची म्हटल्यावर त्यांचं माहेर फोंडाघाटचं निघालं, मग काय, अर्धा तास जिन्यातच गप्पा.

ऑफिस वसईत, पापडीला. ‘सागरसावली डेव्हलपर्स’. माझं पद ‘संबंध अधिकारी’. मालक सुधाकर सर पन्नाशीचे, हळू बोलणारे, समोरच्याला आधी पाणी विचारणारे. त्यांनी काम समजावलं ते असं: भुईगाव-वटारकडे वाडीवाल्यांना जमीन विकायची नसते. बिल्डर दारात आला की ते कुत्रं सोडतात, आपलं माणूस आलं तर चहा ठेवतात. तर आपण आपलं माणूस व्हायचं.

मी खरं सांगून टाकलं, की मला माणसं लक्षात राहत नाहीत. मालवणला हॉटेलच्या काउंटरवर होते तेव्हा एका पाहुण्याच्या बायकोला त्याची आई समजून मी वाकून नमस्कार केला होता. सर मनापासून हसले. म्हणाले, लक्षात ठेवायचं काम तुमचं नाहीच, ते ‘जिव्हाळा’ करतो.

जिव्हाळा म्हणजे आमचं सॉफ्टवेअर. परवा शिकवणार आहेत.

५ मार्च, बुधवार

रिसेप्शनवरची ब्रेंडा आज कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली. राखेचा बुधवार, त्यांचा उपासकाळ सुरू. ती भुईगावचीच आहे. चाळीस दिवस मटण-चिकन बंद, पण तोंड बंद नाही, असं तीच म्हणाली. मला ती फार आवडली.

जिव्हाळा तिनेच शिकवला. प्रत्येक माणसाचं एक पान. नाव, घरची माणसं, वाढदिवस हे तर असतंच. शिवाय कुणाशी बोलणं बंद आहे, कुठलं दुखणं आहे, कुठल्या विषयावर डोळ्यांत पाणी येतं. आपण भेटून आलो की बोलून नोंद करायची. मग तो सकाळी आठवण करतो: आज अमक्याच्या आईचं वर्षश्राद्ध, फोन करा. तमक्याच्या गुडघ्याचं विचारा. काम झालं, म्हणजे जमिनीचे कागद सही झाले, की पानाच्या तळाशी एक बटण आहे: ‘पूर्ण – संपर्क बंद’. ते दाबलं की त्या माणसाच्या आठवणी येणं थांबतं.

या नोंदी माझ्या आधीच्या माणसाने, देवेशने केल्यात. जानेवारीत तो नोकरी सोडून गेला. काय हात आहे त्याचा! एका ओळीत माणूस उभा करतो. ‘वटारचे पास्कल, मोठ्याने बोलतात कारण एका कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसा.’ मी दुपारभर कादंबरी वाचावी तशी पानं वाचत होते.

८ मार्च, शनिवार

सरांनी मला पहिलंच मोठं काम दिलं. भुईगावच्या प्रेमलता राऊत, वय सदुसष्ट. नवरा एकनाथ राऊत गेल्या ऑक्टोबरात वाडीतल्या बावखलात पाय घसरून गेले. त्यांच्या नावची जमीन त्याआधीच आपल्याकडे आलेली आहे. काकूंच्या नावावर घर, अंगण आणि अर्धं बावखल उरलंय. ते आलं की रस्ता जोडता येतो.

स्कूटीवरून गेले. मोठा रस्ता सोडला की दोन्हीकडे केळी, पानवेली, सोनचाफा, आणि अशी गार सावली की बाहेर मार्च आहे हेच विसरावं. बावखल म्हणजे वाडीत राखलेलं गोड्या पाण्याचं तळं. राऊतांच्या बावखलाचा अर्धा भाग डेब्रिज टाकून बुजवलेला आहे. विटांचे तुकडे, फरशा, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. उरलेल्या अर्ध्यात हिरवंगार, न हलणारं पाणी.

काकू बारीक, ताठ. शेजारणीशी त्या आपल्या बोलीत बोलत होत्या ते मला निम्मंही कळलं नाही. माझ्याशी शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी. कंपनीचं नाव ऐकून त्यांनी मला ओट्यावरच बसवलं, आत बोलावलं नाही. मी जमिनीचं अक्षर काढलं नाही. देवेशच्या नोंदीप्रमाणे गुडघ्याचं विचारलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘बरा आहे.’

निघताना त्यांनी चार सोनचाफे दिले. म्हणजे सुरुवात झाली.

१२ मार्च, बुधवार

एक दिवसाआड जातेय. काकू राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडणीवर उन्हात वाळवतात, त्याची सुकेळी होतात. आज मी दोन तास त्यांच्याबरोबर केळी सोलली. बोटं काळी झाली.

आज मला आत बोलावलं. भिंतीवर दोन फोटो, दोन्हींना हार. एक एकनाथकाकांचा. दुसरा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचा. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. देवेशची नोंद: ‘एकुलती मुलगी ऋतिका. २०१६, डेंग्यू. तिचा विषय आपण काढायचा नाही, त्यांनी काढेपर्यंत थांबायचं. एकदा काढला की सगळं सोपं होतं.’

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. पण खोटं नव्हतं.

एकनाथकाकांचं पानही वाचलं. देवेश ऋतिकाच्या दर वाढदिवसाला त्यांच्याकडे जेवायला जायचा. काकांच्या फोनवर त्याने जिव्हाळा घालून दिला होता. वेळ जात नसला की काका त्यात बोलून स्वतःच आठवणी नोंदवायचे. साठ-सत्तर नोंदी असतील. तळाशी: पूर्ण – संपर्क बंद. २ सप्टेंबर २०२४.

१७ मार्च, सोमवार

एक गंमत. सकाळी जिव्हाळ्यात नवी नोंद दिसली. ‘ऋतिका अर्धवट वाळलेली सुकेळी चोरून खायची. नेहमी डाव्या टोकाची. आईला माये म्हणायची.’ नोंद करणारा: एकनाथ राऊत. तारीख कालची, दुपारचे दोन दहा.

आधी दचकले. मग समजलं, काकूच नवऱ्याच्या फोनवर बोलत असणार. एकटं माणूस, करमत नसेल, फोनशी बोलत असेल. त्यांना काय ठाऊक की ते आमच्याकडे दिसतं!

सरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग कधी जाताय?

१९ मार्च, बुधवार

केलं.

मांडणीजवळ उभी राहिले, काकू बघतायत याची खात्री केली आणि डाव्या टोकाचं अर्धकच्चं केळं उचलून तोंडात टाकलं. काकूंच्या हातातली सुरी थांबली. मी म्हटलं, ‘रागावू नका हं, माये.’ जीभ अडखळल्यासारखं करून.

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला ‘बाय’ म्हणाल्या, लेकीला म्हणतात तसं. जेवायला वाढलं. समोर बसून ऋतिकाबद्दल एक तास बोलल्या. मी रडले, आणि ते रडणं खरं होतं, हे मी इथे लिहून ठेवते. त्यांच्याबद्दल मला खरंच काहीतरी वाटतं. ते वाटणं आणि काम एकाच वेळी चालू राहू शकतं ना? डॉक्टरांचं चालतंच की.

२२ मार्च, शनिवार

सही झाली. सर स्वतः कागद घेऊन आले होते. काकूंनी एकच विचारलं, बावखल राहील ना? मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, अहो म्हणजे काय! काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘बाय, तू सांग.’

मी हो म्हटलं.

त्यांनी सही केली. अक्षर अगदी सरळ. मग नवऱ्याच्या फोटोकडे बघून मान हलवली, जसं सांगितलेलं काम केल्यावर हलवतात.

२४ मार्च, सोमवार

सरांनी केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं आणि काकूंचं पान बंद करायला सांगितलं. म्हणाले, उगाच जीव लावून ठेवला की लोक रोज फोन करत राहतात. मी म्हटलं, पाडव्याला एकदा जाऊन येते, मग करते. सर म्हणाले, आत्ता करा, माझ्यासमोर.

बटण दाबलं. पूर्ण – संपर्क बंद.

दुपारी दोन दहाला ऑफिसचा फोन वाजला. सरांनी काचेतून हाताने खूण केली, उचलू नका. वाजून वाजून बंद झाला.

२५ मार्च, मंगळवार

आजही दोन दहाला. वाजू दिला. मला काकू डोळ्यांसमोर दिसत होत्या, ओट्यावर बसून कानाला फोन लावलेल्या. संध्याकाळी आईशी बोलले तेव्हा ती म्हणाली, आवाज उतरलाय तुझा.

२६ मार्च, बुधवार

आज फोन ब्रेंडाने उचलला. हॅलो म्हटलं, ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला रिसीव्हर दिला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. पाण्यात कुणी हळूहळू चालावं तसा आवाज येत होता.

ती मला जेवायच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि जे कुणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. एकनाथकाकांच्या सहीच्या वेळीसुद्धा बावखल राहील असं देवेशनेच तोंडी सांगितलं होतं. सहीनंतर दोन दिवसांत डंपर लागले. त्या दिवसापासून काका रोज दुपारी जेवण झालं की देवेशला ऑफिसात फोन करायचे, दोन दहाला. सरांनी उचलायला बंदी केली होती. सव्वा महिना रोज फोन वाजायचा. ब्रेंडा म्हणाली, ‘एकदा मी उचलला गं. तो म्हातारा एवढंच विचारत होता, की देवेश आजारी नाही ना? तो आला नाही म्हणून त्याला काळजी वाटत होती.’

आणि काका घसरले नव्हते. भर दुपारी, कपड्यांसकट, पाण्यात चालत गेले होते. अख्ख्या गावाला माहीत आहे.

मी तिला विचारलं, काकांचा फोन आता काकूंकडेच असतो ना? ब्रेंडा म्हणाली, फोन कुठला, तो त्यांच्या खिशातच होता. त्यांच्याबरोबर गेला. गळ टाकून शोधला, मिळाला नाही.

मग १६ तारखेची नोंद कुणी केली?

२७ मार्च, गुरुवार

जिव्हाळ्यात माझं पान आहे.

हेमांगी विजय राणे. वय एकतीस. ‘पोह्यात दाणे लागतात. वडील गेले तेव्हा रडली नाही, महिन्याने त्यांची छत्री बघून रडली. लहानपणी खोटं बोलताना उजवा कान धरायची, अजून धरते.’ छत्रीचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

खाली यादी, ‘नाती’. पाच नावं. तावडेकाकू, आई, ब्रेंडा, सुधाकर सर, प्रेमलता. प्रत्येकासमोर: सुरू.

नोंद करणारा: एकनाथ राऊत.

सरांना दाखवायला गेले. ते स्वतःच्या फोनकडे बघत बसले होते. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. त्यांचंही पान होतं. त्यांची यादी माझ्यापेक्षा पुष्कळ लांब होती.

२८ मार्च, शुक्रवार

चार वाजता फोन थरथरला. तावडेकाकूंच्या नावासमोर हिरवी खूण. पूर्ण – संपर्क बंद.

सहाला घरी आले. काकू दारात तांदूळ निवडत होत्या. कोण पाहिजे म्हणून विचारलं. मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले, त्या हसल्या नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर राहते म्हटलं, तर म्हणाल्या तिथे एक कणकवलीची मुलगी राहते, फार गोड आहे. मी वर पळत जाऊन भाडेकरार आणला. त्यांनी कागदावरचं नाव वाचलं, फोटो बघितला, मला खालून वर बघितलं आणि घाबरून विचारलं, ‘मग ती कुठे आहे? तिचं काय केलंत तुम्ही?’

दार आतून लावून बसलेय. त्या खाली लोकांना गोळा करतायत. उद्या पहाटे निघायला हवं.

२९ मार्च, शनिवार

देवेशला शोधलं. ब्रेंडाने चंदनसारचा पत्ता दिला.

चाळीत दुसरं दार. एक बाई आली, ओढलेला चेहरा, कडेवर लेकरू. देवेश आहेत का विचारलं तर म्हणाली, या नावाचं इथे कुणी नाही, मी आणि मुलगी, आम्ही दोघीच. तिच्या मागे भिंतीवर लग्नाचा फोटो होता. ती आणि एक माणूस. मी बोट दाखवून विचारलं, हे कोण? तिने फोटोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, कोण जाणे, फोटोवाल्याची काहीतरी चूक असेल.

तोच माणूस जिन्याच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला, पायात झिजलेल्या चपला. बाईने माझ्यादेखत त्याला पाव आणि चहा आणून दिला, भिकाऱ्याला देतात तसा, कप जमिनीवर ठेवून. लेकराने त्याच्याकडे बघून हात पुढे केला. तिने ते पटकन आत नेलं.

मी शेजारी बसले. सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. शेवटी त्याने एकच प्रश्न केला.

‘तुझ्या यादीत किती उरलेत?’

चार म्हटलं.

‘माझं एकच उरलंय,’ तो म्हणाला. ‘तेही रोज दोन दहाला बोलावतं. मी जात नाही. पण आता दुसरं कुणी बोलावतच नाही गं.’

३० मार्च, रविवार. पाडवा

नऊ वाजून पाच मिनिटांनी खूण आली. आईच्या नावासमोर.

लगेच फोन लावला. आईचाच आवाज, मागे गुढीची गडबड. मी म्हटलं, आई, मी हेमा.

‘चुकीचो नंबर लागलो तुका. माका चेडू नाय गो.’

मला मुलगीच नाही, म्हणाली. मी रडायला लागले. ती थांबली, फोन ठेवला नाही. परक्याच्या पोरीशी बोलावं तसं मायेने बोलली. ‘रडतंस कित्याक? एकटा आसस? पाडव्याचा जेवलंस मां?’

मी हो म्हटलं. कान धरून.

मग तिने ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा –

किती वेळा लावला ते नाही लिहीत.

३१ मार्च, सोमवार

लॉजमध्ये आहे. जिव्हाळा तीनदा काढून टाकला. नवा फोन घेतला, नवं सिम. चालू केल्या केल्या – माझं पान.

दहाला ब्रेंडाच्या नावासमोर खूण. ऑफिसात गेले. तिने हसून विचारलं, मॅडम, अपॉइंटमेंट आहे का? मी तिचा हात धरला. ती ओरडली. गळ्यातला क्रूस मुठीत धरून मागे सरकत गेली, भिंतीला टेकेपर्यंत. माझ्यासाठीच ती आठवडाभर चर्चमधल्या मिस्सेत प्रार्थना करत होती. तिनेच सांगितलं होतं. आता ती प्रार्थना कुणाच्या नावाने –

केबिन रिकामी. सरांच्या बायकोने काल पोलीस बोलावले. घरात अनोळखी माणूस शिरलाय म्हणाली. दोन्ही मुलांनी मिळून त्याला बाहेर काढलं. तो त्यांना नावाने हाका मारत होता.

हे मला वॉचमनने सांगितलं. तो माणूसच ऑफिसचा मालक, हे त्यालाही आठवेना.

१ एप्रिल, मंगळवार

पापडीच्या तळ्याजवळ सर दिसले. बाकावर. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. मी जवळ गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले.

माझ्या फोनवर खूण.

त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, बाई, तुम्ही मला ओळखता का? कृपा करून सांगा ओळखता. मी म्हटलं, हो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पण मी कोण ते त्यांना –

एकच नाव उरलं. प्रेमलता. सुरू.

दोन दहाला माझा फोन वाजला. नंबर नव्हता. उचलला. पाण्यात चालण्याचा आवाज. मग थांबला. ऐकत होता.

मी म्हटलं, येते. उद्या येते.

२ एप्रिल, बुधवार

वाडीत आहे. वही मांडीवर. ऊन डोक्यावर.

काकूंनी ओळखलं! नावाने हाक मारली. हेमांगी, ये. मी ओट्यावर कोसळून रडले. त्यांनी पाणी दिलं. रडू दिलं. मग समोर बसल्या आणि बोलल्या. जसंच्या तसं लिहिते.

‘पहिल्या दिवसापासून ओळखून होते तुला. गुडघ्याचं विचारलंस तेव्हाच. माझा गुडघा कधी दुखलाच नाही, ह्यांनी देवेशला उगीच सांगितलं होतं, पोरगा विचारतो तर बरं वाटतं म्हणून. केळं तू तोंडात टाकलंस तेव्हा तुझ्या थोबाडीत मारणार होते. हे म्हणाले, थांब. सही कर म्हणाले. केली. आता सांग, ज्याच्या नावे केली त्याला ओळखणारं कुणी उरलंय? कोर्टात उभा राहून तो मी कोण म्हणून सांगणार?’

मी म्हटलं, माझं चुकलं, मला सोडा. माझी आई –

त्या म्हणाल्या, ‘माझ्या पोरीचं नाव घेऊन जेवलीस माझ्या घरी.’

एवढंच. आवाज चढला नाही.

मग मला बावखलाच्या पायऱ्यांवर आणून बसवलं. काठावर दोन जोड. एक झिजलेल्या चपला. एक पॉलिश केलेले बूट, आत मोजे नीट घडी केलेले. पाणी हलत नाही.

काकू म्हणाल्या, ह्यांना एकटेपणा सोसत नाही. कुणीतरी रोज विचारपूस करायला हवं. तुम्ही लोक त्यात हुशार.

फोन थरथरला.

प्रेमलता. हिरवी खूण.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे किलकिले केले. उन्हाला हात आडवा धरला. ‘कोण गो तू बाय? वाडीत कुणाकडे आलीस?’

काकू मी. मी. हेमा –

‘चुकलीस वाटतं,’ म्हणाल्या. आणि वळल्या. केळ्यांकडे. जातायत. हाक मारतेय. बघत नाहीत –

दोन दहा.

पाणी हललं. मधोमध. पायऱ्यांपर्यंत आलं. माझे पाय ओले. मी उठले नाही. उठून जाऊ कुणाकडे –

आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा. दमलेला. खूप वेळ वाट बघून दमलेला.

काका, मी आले. मी बसते. मी रोज विचारेन. मला सगळं माहीत आहे तुमचं – तुम्हाला माझं – तुम्ही लिहिलंय ना सगळं – छत्री – कान –

काका म्हणतायत, कोण?

मी म्हटलं, मी –